संचारबंदीचा आदेश वाचायचा कसा?

शहरात काही बरंवाईट घडलं की अर्ध्या तासात फोनवर निरोप फिरू लागतो: '१४४ लागू झाली आहे, कुणीही घराबाहेर पडू नका.' या एका ओळीत तीन चुका आहेत. बंदी घालायचा अधिकार देणारं ते कलम आता त्या क्रमांकाचं राहिलेलं नाही, ते १६३ झालं आहे. ते लागू झालं म्हणजे बाहेर पडायलाच बंदी, असंही नाही. आणि बंदी नेमकी कोणत्या भागात आहे, हे निरोपात लिहिलेलंच नसतं. मग जिथे काहीच बंद नाही तिथला भाजीवाला गाडी झाकून घरी जातो, आणि जिथे खरोखर बंदी आहे तिथला पोरगा दूध आणायला निघून पोलिसांच्या गाडीत बसतो. दोघांनी आदेशाचा कागद पाहिला असता तर हे टळलं असतं. हा कागद बहुधा दोन-तीन पानांचाच असतो आणि कुणालाही वाचता येतो. फक्त त्यात काय शोधायचं ते माहीत हवं.

जमावबंदी वेगळी, संचारबंदी वेगळी

जमावबंदीत एकट्यादुकट्याला फिरायला आडकाठी नसते. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमणं, सभा, मोर्चा, मिरवणूक, घोषणाबाजी यांना मनाई असते. दुकानं उघडी, बस चालू, शाळा चालू. संचारबंदीत मात्र एकट्या माणसालाही नेमून दिलेल्या वेळेत आणि हद्दीत, आदेशात मान्य केलेल्या कारणाशिवाय रस्त्यावर येता येत नाही. मोटारसायकल ढकलत नेली काय किंवा चालत गेलात काय, फरक पडत नाही.

दोन्ही बंद्या एकाच आदेशात कशा असू शकतात, हे १० जानेवारी २०२२ पासून राज्यात लागू झालेल्या कोरोना निर्बंधांत दिसलं होतं. पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेत पाच किंवा अधिक जणांनी एकत्र फिरायला मनाई होती, म्हणजे जमावबंदी. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत अत्यावश्यक कारण सोडून कुणालाच फिरता येत नव्हतं, म्हणजे संचारबंदी. दिवसा चौघांनी मिळून चहा प्यायला हरकत नव्हती. रात्री साडेअकराला त्यांच्यातला एकटाही रस्त्यावर दिसला तर तो नियमभंग होता.

या दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टीही आहेत. एखाद्या पक्षानं किंवा संघटनेनं पुकारलेल्या 'बंद'ला कायद्याचं बळ नसतं. २२ मार्च २०२० चा सकाळी ७ ते रात्री ९ चा जनता कर्फ्यू हे आवाहन होतं, दुसऱ्या दिवशी राज्यात जाहीर झालेली संचारबंदी हा कायदेशीर हुकूम होता. नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्यात गोदावरीवरच्या रामकुंडाकडे जाणारे रस्ते वाहनांसाठी बंद होतात ती वाहतुकीची अधिसूचना असते. तीही पाळावीच लागते, पण तिला संचारबंदी म्हणत नाहीत.

कलम १६३ काय सांगतं

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुन्या कलम १४४ चा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा कलम १६३ मध्ये गेला. दंगल, मारामारी, सार्वजनिक शांततेचा भंग, माणसांच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका, असं काही तातडीनं रोखायचं असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याला लेखी आदेशानं एखादी कृती मना करता येते. 'लेखी' हा शब्द कलमातच आहे. आदेशात वस्तुस्थिती काय आहे तेही लिहावं लागतं. प्रसंग तातडीचा असेल तर समोरच्याला नोटीस न देता एकतर्फी आदेश काढता येतो आणि बहुतेक आदेश तसेच निघतात.

'पाच माणसं' हा आकडा या कलमात कुठेही नाही. पाच किंवा अधिक जणांचा जमाव विशिष्ट बेकायदा हेतूनं एकत्र आला तर तो बेकायदेशीर जमाव ठरतो, अशी व्याख्या भारतीय न्याय संहितेत आहे, आणि आदेश लिहिणारे तिथून तो आकडा उचलतात. त्यामुळे एका आदेशात चारपेक्षा जास्त, दुसऱ्यात पाच किंवा अधिक असं लिहितात (अर्थ एकच), तर परीक्षा केंद्राबाहेरच्या आदेशात भलतीच अट असू शकते. मागच्या वेळचा आकडा या वेळी गृहीत धरू नका.

मुदत ठरलेली आहे. दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्यापुढे वाढवायचा तर राज्य सरकारनं अधिसूचना काढावी लागते आणि ती वाढही जास्तीत जास्त सहा महिन्यांची. व्यवहारात संचारबंदी काही तासांची किंवा काही दिवसांची असते. जमावबंदी मात्र लांबत जाते.

हाच अधिकार दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांभोवती गर्दी रोखायला आणि झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला, मतमोजणीच्या जागेभोवती जमाव रोखायला वापरला जातो. म्हणून 'कलम १६३ लागू' एवढ्यावरून दंगल झाली असा अर्थ काढू नये.

नाशिकमध्ये आदेश काढतं कोण

नाशिक जिल्ह्यातल्या जवळजवळ सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. नाशिक शहराला पोलीस आयुक्तालय आहे, उरलेला जिल्हा ग्रामीण पोलिसांकडे, म्हणजे पोलीस अधीक्षकांकडे. आडगाव शहर आयुक्तालयात आणि त्याच महामार्गावरचं ओझर ग्रामीणमध्ये. देवळाली कॅम्प शहरात, सिन्नर, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, निफाड, मालेगाव ग्रामीणमध्ये. शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तांच्या सहीचे आदेश निघतात. ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, अपर जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे प्रांत यांचे. 'नाशिकमध्ये संचारबंदी' असं ऐकलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: सही कुणाची?

दुसरा कायदा आहे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम ३७(१) खाली लाठ्या, तलवारी, भाले, बंदुका, स्फोटकं बाळगणं, दगड गोळा करणं, पुतळ्यांचं प्रदर्शन, चिथावणीखोर घोषणा आणि भाषणं मना करता येतात. कलम ३७(३) खाली जमाव आणि मिरवणूक. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ३७(३) ची मनाई १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून सणासुदीच्या आणि आंदोलनांच्या काळात दर पंधरवड्याला 'मनाई आदेश' नव्यानं निघतो आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येतो. हा आदेश असताना तुमचं रोजचं जगणं बदलत नाही. लग्न, अंत्ययात्रा यांना त्यातून बहुधा सूट असते. मोर्चा काढायचा असेल तर मात्र परवानगी लागते. या पंधरवडी आदेशालाच संचारबंदी समजून माणसं हकनाक धास्तावतात.

साथीच्या काळात आणखी दोन कायदे येऊन मिळाले होते: साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. कोरोनात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांत या सगळ्यांचा उल्लेख एकत्र असायचा.

कागद हातात आला की

वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि तारीख असते. ती नसेल, खाली अधिकाऱ्याचं पद आणि सही नसेल, तर तो कागद खरा मानू नका. फिरवलेल्या छायाचित्रात जुना आदेश नवा म्हणून येतो, आणि तारखेची ओळ मुद्दाम कापलेली असते. शहर पोलीस, ग्रामीण पोलीस आणि जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा खात्यावर तो आहे का ते पाहा. नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करा.

मग हद्द. ती बहुतेक वेळा पोलीस ठाण्यांच्या नावानं दिलेली असते. १७ मार्च २०२५ ला नागपुरात हिंसाचार झाला तेव्हा पोलीस आयुक्तांनी कलम १६३ खाली ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लावली. बाकीचं नागपूर चालू होतं. पुढे काही ठाण्यांतून ती आधी उठली, काहींत दिवसाचे दोन तास शिथिल झाली, आणि २३ मार्चला उरलेल्या भागातूनही काढली गेली. एकाच शहरात एकाच दिवशी तीन वेगवेगळे नियम होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या नाशकात भद्रकाली, सरकारवाडा आणि मुंबई नाका या ठाण्यांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत. गोदावरी ओलांडली की पंचवटी. रस्त्याच्या एका बाजूचं दुकान एका ठाण्यात आणि समोरचं दुसऱ्या ठाण्यात, असं होऊ शकतं. तुमचं घर, तुमचं कामाचं ठिकाण आणि मधला रस्ता कोणत्या ठाण्यांत येतो हे आजच, सगळं शांत असताना, माहीत करून घ्या.

वेळ वाचताना तारखेकडे लक्ष द्या. 'दिनांक १२ रोजी रात्री ११ पासून दिनांक १४ रोजी पहाटे ५ पर्यंत' आणि 'दिनांक १२ ते १४ दररोज रात्री ११ ते पहाटे ५' यांत एका अख्ख्या दिवसाचा फरक आहे. पहिल्यात १३ तारखेचा दिवसही घरातच काढायचा. 'पुढील आदेशापर्यंत' असं लिहिलं असेल तर संध्याकाळी पुन्हा चौकशी करा, कारण नवा आदेश केव्हाही येतो.

सवलतीचा परिच्छेद मात्र शब्द न् शब्द वाचा. रुग्णवाहिका, दवाखाने, औषधाची दुकानं, दूध, पाणी, वीज, अग्निशमन, परीक्षार्थी, वृत्तपत्रं यांची नावं बहुधा त्यात येतात, पण ती आपोआप लागू नसतात. जे लिहिलं आहे तेच चालतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्यांना सूट असली तरी ती कामगाराला असते, त्याला सोडायला आलेल्या भावाला नसते. रेल्वे प्रवाशाला तिकीट दाखवून नाशिकरोड स्टेशनवरून घरी जाता येतं अशी सूट अनेक आदेशांत असते. तशी ओळ असेल तर तिकीट घरी पोहोचेपर्यंत फोनमध्ये जपून ठेवा.

पास आणि रस्त्यावरची विचारपूस

पास कुठे मिळेल ते आदेशात असतं: बहुधा स्थानिक पोलीस ठाणं, कधी तहसील कार्यालय. कोरोनाकाळात राज्य पोलिसांनी संकेतस्थळावरून ई-पास दिले होते. अर्ज नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण मोघमपणा. 'वैद्यकीय कारण' एवढंच लिहू नका. 'आईचं डायलिसिस, सिव्हिल हॉस्पिटल, मंगळवार आणि शुक्रवार सकाळी ८ ते दुपारी १, मार्ग शालिमार-सीबीएस, दुचाकी क्रमांक अमुक, सोबत एक व्यक्ती' असं लिहा आणि रुग्णालयाचं पत्र जोडा. पासवर जी वेळ, जो मार्ग आणि जो वाहन क्रमांक असेल त्याबाहेर तो पास निकामी आहे. जाताना चालला आणि परतीला अडवला, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कारण परतीची वेळ अर्जात लिहिलेलीच नसते.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर पासाची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. स्वतःच्या गाडीनं निघावं लागलंच तर आधी ११२ वर कळवा, दवाखान्याची कागदं हातात ठेवा आणि बंदोबस्त दिसला की गाडी हळू करून आतला दिवा लावा.

अडवलं तर ओळखपत्र दाखवा, कारण एका वाक्यात सांगा. संचारबंदीमुळे पोलिसांना अडवण्याचा, परत पाठवण्याचा, गुन्हा नोंदवण्याचा अधिकार मिळतो. उठाबशा काढायला लावण्याचा किंवा काठीनं झोडपण्याचा अधिकार कोणत्याही कलमात नाही. 'दिसताक्षणी गोळी' हाही कलम १६३ चा भाग नाही. बळाचा वापर समोरच्या धोक्याच्या प्रमाणातच करावा लागतो. असं काही झालं तर रस्त्यावर हुज्जत घालू नका. वेळ, जागा, वाहन क्रमांक लिहून ठेवा, जखम असेल तर डॉक्टरकडून लिहून घ्या आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा.

शिक्षा किती

आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं १८८. साध्या भंगाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या भंगामुळे माणसाच्या जिवाला, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका होणार असेल, दंगल भडकणार असेल, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कलमात हेच एक महिना व २०० रुपये, आणि सहा महिने व १,००० रुपये होतं. म्हणजे नव्या कायद्यानं शिक्षा चांगलीच वाढवली आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, पण जामीनपात्र.

दोन गोष्टी बचावाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या. आदेश आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सिद्ध व्हावं लागतं. म्हणूनच आदेशाची प्रसिद्धी, ध्वनिक्षेपकावरून दवंडी, चौकात चिकटवलेली प्रत यांना कायद्यात जागा आहे. दुसरं, न्यायालय अशा गुन्ह्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरूनच घेतं. या अटी पाळल्या गेल्या का, हे वकील सगळ्यात आधी तपासतो.

बिघडतं कुठे

संचारबंदी अचानक लागते, आणि तिचा पहिला फटका रोजंदारीवाल्याला बसतो. मजूर नाक्यावर उभा राहणारा, हातगाडीवाला, मालेगावात यंत्रमाग चालवणारा कामगार, यांचं त्या दिवसाचं काम गेलं की त्या दिवसाचं खाणं जातं. ८ सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर मालेगावनं संचारबंदी सोसली आहे. तिथे माग थांबले की सुताची कांडी भरणाऱ्यापासून हमालापर्यंत सगळी साखळी थांबते. म्हणून हद्द लहान ठेवणं, रोज आढावा घेणं आणि शिथिलतेचे तास आदल्या रात्रीच जाहीर करणं हे प्रशासनाचं कर्तव्यच मानलं पाहिजे.

शिथिलतेचे तास फार कमी ठेवले की उलट गर्दी वाढते. एरवी दिवसभरात येणारी गिऱ्हाइकं दोन तासांत किराणा दुकानावर कोसळतात. भाव चढतात, भांडणं होतात, आणि ज्या गर्दीला रोखायचं तीच तयार होते. साथीच्या काळात तर हा मार्ग घातकच. मार्च २०२१ अखेर नाशिकमध्ये वेगळा प्रयोग झाला: मुख्य बाजारपेठांत शिरायला माणशी ५ रुपये, एक तासाची मुदत, त्याहून जास्त थांबल्यास ५०० रुपये दंड. त्यावर टीकाही झाली, पण बाजार बंद न करता माणसाचा तिथला वेळ कमी करावा हा त्यातला विचार चुकीचा नव्हता.

घरात काय असावं? रक्तदाब, मधुमेह, फिट यांची औषधं किमान आठवडाभर पुरतील इतकी. इन्सुलिन संपत आलं की लगेच आणायचं, शेवटच्या कुपीची वाट पाहायची नाही. लहान मूल असेल तर दुधाची पावडर. थोडी रोख रक्कम तर हवीच, कारण संचारबंदीबरोबर कधी मोबाइल इंटरनेटही बंद होतं आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये नाशिक जिल्ह्यात तणाव असताना आपल्याकडे हे घडलेलं आहे. इंटरनेट बंदी मात्र आयुक्त किंवा जिल्हाधिकारी स्वतःच्या सहीनं लावत नाहीत. तिचे नियम वेगळे आहेत, आदेश राज्याच्या गृह विभागाच्या सचिव पातळीवरून निघतो आणि एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही.

आदेश चुकीचा वाटला तर

कलम १६३ मध्येच सोय आहे. बाधित व्यक्ती आदेश काढणाऱ्या दंडाधिकाऱ्याकडे तो रद्द करावा किंवा बदलावा असा अर्ज करू शकते. अर्जदाराला लवकर म्हणणं मांडू द्यावं लागतं आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात. राज्य सरकारलाही आदेश बदलण्याचा अधिकार आहे. त्यापुढे उच्च न्यायालय. नाशिक जिल्ह्यासाठी मुंबईचं मुख्य पीठ.

सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये, नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादातून निघालेल्या बाबूलाल पराते खटल्यात, हा अधिकार घटनेत बसतो असं म्हटलं. काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात त्याला स्पष्ट मर्यादा घातल्या: आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, कारणं दिली पाहिजेत, बंदी धोक्याच्या प्रमाणात असली पाहिजे, एकामागून एक तेच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि केवळ न पटणारं मत दाबण्यासाठी हे कलम वापरता येत नाही. शांततेनं एकत्र येणं आणि देशात कुठेही फिरणं हे घटनेच्या अनुच्छेद १९ मधले हक्क आहेत. संचारबंदी त्यांना काही काळ बाजूला ठेवते, म्हणून तिचा प्रत्येक तास प्रशासनाला कारण देऊन समजावता आला पाहिजे.

संचारबंदी उठली तरी जमावबंदी बहुतेक वेळा काही दिवस मागे राहते, तेव्हा उठवल्याचा आदेशही पूर्ण वाचा. आणि बंदी उठल्यानं आधी नोंदलेले गुन्हे आपोआप मिटत नाहीत. तुमच्यावर गुन्हा नोंदला असेल तर त्या दिवसाच्या आदेशाची प्रत, पास, दवाखान्याची चिठ्ठी, रेल्वेचं तिकीट, जे असेल ते एका पाकिटात ठेवा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यायची वेळ येते तेव्हा हीच प्रलंबित नोंद समोर येते, आणि तोवर कागद हरवलेले असतात.